घरच्या गणपतीसाठी घेतलेला लेझर प्रोजेक्टर : दहा दिवसांच्या वापरानंतर

गणेशोत्सवाच्या आठवडाभर आधी इंदूरच्या महाराणी रोडवरील एका दुकानातून आम्ही घरगुती वापराचा छोटा लेझर लाइट प्रोजेक्टर आणला. घासाघीस करून किंमत साडेअकराशे रुपयांवर आली. त्यात तळहातावर मावेल एवढा काळा धातूचा डबा, तीन पायांचा स्टँड, ५ व्होल्टचा अडॅप्टर आणि एक चपटा रिमोट मिळाला. दुकानदाराने दुकानाच्या छतावर लाल-हिरवी नक्षी पाडून दाखवली आणि ‘टेस्टिंग इथेच करून घ्या, नंतर बदलून मिळणार नाही’ हेही त्याच दमात सांगितले.

आधी गुणांविषयी लिहितो, कारण ते खरोखर आहेत. लोकमान्यनगरातील आमची बैठकीची खोली जेमतेम बारा बाय चौदा फुटांची आहे. दिवा मालवून यंत्र सुरू केले, तेव्हा छत, पडदा, कपाटाची कड आणि मखराची कमान या सगळ्यांवर शेकडो ठिपके एकाच वेळी तितकेच रेखीव उमटले. नेहमीच्या प्रोजेक्टरमध्ये भिंत जवळ-दूर झाली की चित्र धूसर होते. येथे लेझरचा किरण फारसा पसरत नसल्यामुळे फोकस जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. आतली रचनाही साधी आहे. अतिसूक्ष्म रेघा कोरलेल्या पारदर्शक जाळीतून एकच किरण जातो, त्याचे असंख्य किरण होतात, आणि एक बारकी मोटर ती जाळी फिरवत राहते. नीट पाहिल्यास लाल नक्षी हिरव्या नक्षीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने अधिक पसरलेली दिसते. लाल प्रकाशाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर आणि हिरव्याची ५३२ असल्यामुळे जाळी लाल किरणाला अधिक वळवते. माझ्या भाच्याला हे दाखवण्यासाठी मी भिंतीवर खडूने खुणा केल्या, त्या पुसण्याचे काम अर्थातच माझ्याकडेच आले.

आवाजावर चालणाऱ्या सोयीची मात्र मला निराशा वाटली. यंत्रातला माइक सूर-ताल काही ओळखत नाही, फक्त मोठा आवाज ओळखतो. आरतीत झांजा सुरू होताच नक्षी अशी थरथरू लागली की आईने डोळे मिटूनच आरती पूर्ण केली, आणि ‘घालीन लोटांगण’पर्यंत येता येता रिमोट शोधण्यासाठी दोघे जण गुडघ्यांवर आले होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नक्षी संथ गतीवर ठेवली. धूप घातल्यावर धुरात किरणांच्या सुबक रेषा उभ्या राहतात. हे दृश्य सुंदर असते, पण त्यासाठी मुद्दाम खोली धुराने भरण्याइतके नाही.

आता दोषाकडे वळतो, आणि तो गंभीर आहे. खोक्यावर हिरव्यासाठी ५० आणि लाल रंगासाठी १०० मिलिवॅट असे छापले आहे, परंतु लेझरचा धोका सांगणारा वर्ग कोठेही नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे डोळ्यांना दिसणारा सतत चालणारा लेझर १ मिलिवॅटपर्यंत दुसऱ्या वर्गात येतो आणि ५ मिलिवॅटच्या पुढे ५०० पर्यंत तो ३ बी या वर्गात जातो, जेथे सरळ किरण डोळ्यात जाणे घातक ठरते. जाळीमुळे ही शक्ती शेकडो ठिपक्यांत वाटली जाते, हे खरे. तरी न वळलेला मधला ठिपका इतरांपेक्षा स्पष्टच प्रखर असतो; भिंतीवर तो एका नजरेत ओळखू येतो. शिवाय असा हिरवा लेझर बहुधा ८०८ नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशापासून १०६४ आणि त्यातून ५३२ असा तयार होतो. स्वस्त यंत्रात अदृश्य प्रकाश अडवणारी काच गाळलेली असली, तर जो प्रकाश दिसतच नाही त्याला पाहून पापणीही मिटत नाही.

आम्ही यंत्र पहिल्या दिवशी मखराच्या बाजूला चौरंगावर ठेवले होते. आजोबांच्या तसबिरीच्या काचेवरून परतलेला ठिपका थेट पाटावर बसलेल्या लहानग्याच्या कपाळावर येऊन थांबला, तेव्हा चूक ध्यानात आली. मग यंत्र कपाटावर चढले आणि त्याचे तोंड छताकडे झाले. त्याच संध्याकाळी भाच्याने नव्या मोबाइलवर समोरून चित्रफीत घेतली होती; दुसऱ्या सकाळी त्याच्या प्रत्येक छायाचित्रात एक गुलाबी उभी रेघ दिसू लागली. लेझर कॅमेऱ्याचा सेन्सर जाळू शकतो, हे माहितीपत्रकात एका ओळीत तरी छापायला हवे होते. दुकानदाराने ‘मोबाइलचा प्रश्न मोबाइलवाल्याकडे न्या’ म्हणून विषय संपवला.

मिरवणुकीतील मोठ्या लेझरशी याची तुलना करणे योग्य नाही. त्या दिव्यांवर पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात बंदी घातली होती. आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या कामगारांनी मिरवणुकीत काढलेले देखावे, तर त्यांपैकी एक असलेली हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडल्यावरही साध्या दिव्यांवर आणि हलत्या देखाव्यांवर रात्रभर गर्दी खेचत राहिल्या. आमच्या गच्चीवर हे यंत्र लावण्याचा भाच्याचा आग्रह मी मोडून काढला, कारण विमानतळ शहराच्या याच अंगाला आहे आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर लेझर पडणे म्हणजे खेळ नव्हे.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. तासाभरात डबा चांगला गरम होतो, मोटरची बारीक घरघर शांत खोलीत ऐकू येते आणि रिमोट अगदी समोरूनच चालतो. वीज नगण्य लागते. छताकडे वळवून, लहान मुलांच्या हाताला न लागेल असे ठेवायचे असेल, तर साडेअकराशे रुपयांत मिळणारी शोभा मला महाग वाटली नाही. बैठकीच्या उंचीवर ठेवावे लागणार असेल, तर मी घेऊ नका असेच सांगेन. विसर्जनानंतर यंत्र खोक्यात भरताना मी झाकणावर मार्करने ‘कपाटावर, तोंड वर, तसबिरी आधी काढा’ असे लिहून ठेवले आहे.