बंदूक विकताना आधी काय अडवायचं: बिनतपासणीची विक्री की रखडलेली तपासणी?

अमेरिकेत मतदार म्हणून नाव आहे आणि आपल्या सिनेटरला फोन करावा म्हणताय? मग आधी बंदूक-विक्रीच्या तपासणीबद्दलच्या दोन विधेयकांतला फरक बघा. २०२१ च्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने दोन्ही एकाच दिवशी मंजूर केली, सिनेटमध्ये दोन्ही अडकली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपताच बाद झाली. त्यामुळे लोक त्यांची नावं एका दमात घेतात: एच.आर. ८ आणि एच.आर. १४४६ ('एच.आर.' ही प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाची खूण).

एच.आर. ८ चं काम सोपं होतं. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची तपासणी (त्याला बंदूक घ्यायला कायद्याने मनाई आहे का, याची) करावीच लागते, खासगी विक्रेत्याला केंद्राचा कायदा ती सक्ती करत नाही. ही पळवाट बुजवायची. घरातल्या घरात दिलेली भेट वगैरे वगळून.

एच.आर. १४४६ चा रोख वेगळा. दुकानदाराने विचारलं, एफबीआयने 'थांबा' म्हटलं आणि कामकाजाचे ३ दिवस उत्तरच आलं नाही, तर तो बंदूक देऊ शकतो. द्यायलाच हवी असं नाही. वॉलमार्ट होकाराशिवाय देत नाही. हे विधेयक कामकाजाच्या ३ दिवसांचे १० करणार होतं. तेव्हाही उत्तर नसेल तर गिऱ्हाइकाने अर्ज करायचा, आणखी १० दिवस थांबायचं. म्हणजे जवळजवळ महिना.

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचं उदाहरण याच मुदतीचं. १७ जून २०१५ ला तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये ९ जण मारले गेले. मारेकऱ्याने बंदूक एप्रिलमध्ये दुकानातूनच घेतली होती. अमली पदार्थांच्या कबुलीमुळे ती त्याला मिळायलाच नको होती, पण एफबीआयची तपासनीस भलत्याच कार्यालयांकडे कागद मागत राहिली आणि ३ दिवस उलटले. एच.आर. ८ असतं तरी इथे काही फरक पडला नसता. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्यांसाठी मुदत वाढवली. पण हा मारेकरी तर नुकताच २१ चा झालेला!

विरोधकांचा एक मुद्दा मला पटतो. जिवाला धोका असलेल्या बाईला महिना फार मोठा. नामसाधर्म्यामुळे अडकणारेही असतात. वारंवार अडकणाऱ्याला एफबीआयकडे स्वतःची माहिती नोंदवून खास क्रमांक घेता येतो, पण तो आधी घेऊन ठेवावा लागतो.

एकासाठीच फोन करणार असाल तर मी १४४६ सारख्या विधेयकासाठी करा म्हणेन. बहुतेकांना उत्तर काही मिनिटांत मिळतं, त्यामुळे झळ थोड्यांनाच. एच.आर. ८ चा आवाका मोठा, पण दोन खासगी माणसांतला व्यवहार कोण बघणार? मात्र फोनवर दिवसांबरोबर तपासनीसही वाढवायला सांगा. चुकीच्या कार्यालयाला २० दिवस फोन करूनही कागद मिळत नाही.