आडव्यावर काय, उभ्यावर काय?

भाच्याने यावलकडच्या केळीबागेची वही आणली. दोन रकाने: काढणीला घडाचं वजन किलोत, आणि झाडाला रोज दिलेलं पाणी लिटरमध्ये. कृषी पदविकेचा प्रकल्प, सादरीकरण परवावर आलेलं. "मामा, आलेखात पाणी आडव्या अक्षावर घेऊ का उभ्या?"

दोन्ही आलेख काढून शेजारी ठेवले. पाणी आडवं, वजन उभं घेतलं तर रेघ वर चढत जाते आणि एका जागी वाकून सपाट होते. तिथून पुढे ठिबकचा व्हॉल्व्ह सोडून ठेवण्यात काही हशील नाही, हे शेतकऱ्याला बघताक्षणी कळतं. उलट घेतलं तर तीच रेघ शेवटी भिंतीसारखी उभी राहते, आणि वाटतं की घड जड झाला म्हणून झाडाने पाणी जास्त मागितलं. आकडे तेच, गोष्ट उलटी. व्हॉल्व्ह आपल्या हातात आहे, वजन झाडाच्या. जे आपल्या हातात ते आडवं. पुस्तकात त्याला स्वतंत्र चल म्हणतात आणि वजनाला अवलंबी चल. तारीख, वेळ, लागवडीपासूनचे दिवस आपल्या हातात नसतात, पण आपसूक पुढे सरकतात, तेही आडवेच.

अडतं कुठे, तर दोन्ही गोष्टी नुसत्या मोजलेल्या असल्या की. बुंध्याचा घेर आणि घडाचं वजन घ्या. कोण कोणामुळे, हे ठरवता येत नाही. चांगल्या खतापाण्याने दोन्ही वाढतात. इथे मी विचारतो, आधी हाती काय येतं? घेर आधी मोजता येतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधायचा असतो. म्हणून घेर आडवा. ही नुसती शिस्त नाही. एक्सेलची नेहमीची सरळ ट्रेंडलाइन, म्हणजे ठिपक्यांमधून काढलेली रेघ, ठिपक्यांपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवते. अक्षांची अदलाबदल केली की ठिपके विखुरलेले असताना जुनीच रेघ आडवी-उभी होऊन येत नाही, वेगळीच निघते.

कधी नियम मोडलेला बरा. ओहमच्या प्रयोगात विभवांतर (व्होल्टेज) आपण बदलतो आणि वीजप्रवाह मोजतो, म्हणजे विभवांतर आडवं हवं. पण मग रेघेचा चढ निघतो रोधाचा व्यस्तांक. विभवांतर उभं घेतलं तर चढ म्हणजे थेट रोध. मला दुसरं पटतं, मात्र प्रात्यक्षिकाच्या वहीत जसं छापलंय तसंच काढा. गुण घालवून तत्त्व जपू नये.

अर्थशास्त्राची तर वेगळीच तऱ्हा. भाव बदलला की मागणी बदलते असं शिकवतात आणि भाव उभ्या अक्षावर काढतात. अर्थतज्ज्ञ अल्फ्रेड मार्शलने 1890 च्या ग्रंथात मागणीचा वक्र असाच काढला, आणि बारावीच्या वर्गात आजही फळ्यावर तोच येतो. त्याच्याशी भांडू नका.

रेल्वेच्या कंट्रोल चार्टवर, म्हणजे गाड्या कधी कुठे आहेत ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, वेळ आडवी, स्टेशनं उभी. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव अशी एकाखाली एक मांडली की गाडी म्हणजे तिरकी रेघ: जितकी खडी तितकी वेगवान, आणि आडवी पडली की गाडी कुठेतरी उभी. स्टेशनं आडवी मांडली तर खडी रेघ म्हणजे रखडलेली गाडी. सवय करता येईल, पण कशाला?

माझी स्वतःची फजिती विहिरीवरची. पाण्याची पातळी जमिनीपासून किती फूट खाली, हे महिन्यागणिक मांडलं. महिने आडवे, खोली उभी, सगळं नियमात. उन्हाळ्यात रेघ चढत गेली आणि शेजारचे काका खूश झाले: "पाणी वर येऊन राह्यलं ना भो!" विहीर तळाला लागली होती. अक्ष बरोबर होता, दिशा चुकली होती. खोली मांडताना शून्य वर ठेवायचं आणि आकडे खाली वाढवायचे.

जळगाव जिल्ह्याच्या 15 तालुक्यांची तुलना करायची असेल, तर तिथे चढ-बिढ काही नसतो. नावं उभ्या अक्षावर आणि पट्ट्या आडव्या. खाली लिहिलं तर मुक्ताईनगर, चाळीसगाव तिरके होतात आणि मान वाकडी करून वाचावे लागतात.

भाच्याचा घोटाळा मात्र अगदी साधा निघाला. एक्सेलच्या ठिपक्यांच्या आलेखात डावीकडचा रकाना आडव्या अक्षावर जातो, आणि त्याच्या वहीत वजन डावीकडे होतं. पाण्याचा रकाना ओढून आधी आणला. शीर्षक त्याने 'पाणी विरुद्ध वजन' दिलं होतं. तेही 'वजन विरुद्ध पाणी' करायला लावलं, कारण त्यात उभ्याचं नाव आधी येतं.