गच्चीचा कूल रूफ रंग : जळगावच्या उन्हात वापरून बघितल्यावर

आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री उशिरापर्यंत खोल्यांत उतरत राहते. यंदा एसी न घेता गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला. मजुरीसकट चौरस फुटाला साधारण 30 रुपये पडले.

काम करणारे भाऊ चोख निघाले. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, गच्ची धुतली, भेगा भरल्या, मग प्राइमर आणि रंगाचे दोन हात. रोज पहाटेच यायचे. ‘ताई, स्लॅब तापल्यावर रंग मारला तर तो धरत नाही, पापुद्रे निघतात,’ म्हणाले. घाईत भरदुपारी रंग फासणाऱ्याला हे काम देऊ नका.

फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळला. भरदुपारी कुरडया उचलायला अनवाणी गेले, पाय भाजले नाहीत. रात्री कूलर मध्येच बंद करता येतो. सासूबाईंचं माहेर धाब्याच्या घरातलं, जाड मातीच्या छताचं. त्या म्हणाल्या, ‘आते दुपारले घरमा बसता येस.’ मला ही मोठी पावती वाटते.

उणिवाही आहेत. पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात. वावटळीची धूळ बसली की परिणाम उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यात गच्ची अधूनमधून धुवावी लागते, आणि जळगावात वाघूर धरणाचं पाणी जपूनच वापरावं लागतं. थंडीत घर जरा जास्तच गार पडतं. काळी टाकी तशीच राहिली तर नळाला उकळतं पाणी येतं, म्हणून टाकीही त्याच रंगाने रंगवून घ्या. चुन्याचा हात स्वस्त पडतो, पण पहिल्या पावसात धुऊन जातो.

एसी टाळला याचं समाधान वेगळंच आहे. एसी घरातली उष्णता गल्लीत फेकतो. वीज भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून येते, देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेजारी-शेजारी एसी लागत गेले तर गल्लीतल्या रात्री आणखी तापणारच.

मला खरी काळजी पत्र्याच्या घरांची वाटते. तिथे दुपारी बाळंतीण, म्हातारी माणसं कशी बसत असतील? 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे वस्त्यांची छतं पांढरी केली. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या पालिकांनी पत्र्याच्या वस्त्या, अंगणवाड्या आणि शाळांपासून सुरुवात करावी, खर्च पालिकेने उचलावा. स्वतःच्या गच्चीसाठी मात्र होळीच्या आधीच कारागीर ठरवा, नंतर तारीख मिळत नाही.