१९६४ ची प्लिमथ व्हॅलियंट: तीस वर्षं कोठारात पडून असलेली गाडी आठ महिने चालवल्यावर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाडी रस्त्यावर आणली, आता नोव्हेंबर संपत आलाय. मीटर ३,१०० मैलांनी पुढे गेलाय, म्हणजे साधारण ५,००० किलोमीटर झाले. एप्रिलमध्येच लिहायला बसलो असतो तर सगळं इंजिनाबद्दलच लिहिलं असतं. आज लिहितोय ते मुख्यतः रबराबद्दल आहे.

गाडी मिळाली मिशिगनमध्ये, जॅक्सनच्या पुढे एका शेतातल्या लाकडी कोठारात. चार दारांची, फिकट निळी, नंबरप्लेटवरचा नोंदणीचा शेवटचा स्टिकर १९९४ चा. तिथल्या आजींच्या यजमानांची गाडी. ते गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. १,८०० डॉलर दिले. लोक मस्टँग शोधतात, कमारो शोधतात. मला व्हॅलियंटच हवी होती, त्याचं कारण घरातलं आहे. बाबांची सगळी नोकरी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये झाली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी फियाटच्या आधी क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार करून तिच्या डॉज, प्लिमथ आणि डी सोटो गाड्या जोडायची. प्लिमथचं जहाजाचं चिन्ह मी बाबांच्या जुन्या कागदांवर लहानपणापासून पाहिलेलं. या गाड्यांचा डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकमधला मोठा कारखाना, डॉज मेन, १९८० साली बंद झाला आणि नंतर पाडला. ती जागा माझ्या घरापासून तासाभरावर आहे.

आधी इंजिन. सहा सिलिंडर एका रांगेत, पण उभे नाहीत, ३० अंशात कललेले. म्हणून त्याला इथे स्लँट सिक्स म्हणतात. कलतं असल्यामुळे बॉनेट खाली ठेवता आलं आणि कार्ब्युरेटरपासून प्रत्येक सिलिंडरपर्यंत लांब नळ्या द्यायला जागा मिळाली. माझ्या गाडीत २२५ घन इंचांचं, म्हणजे ३.७ लिटरचं आहे. कंपनीने ताकद १४५ अश्वशक्ती सांगितली होती.

सेल्फ मारायच्या आधी सहाही प्लग काढून प्रत्येक भोकात तेल सोडलं आणि आठवडाभर थांबलो. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं होतं, सायलेन्सरच्या नळीत अक्रोड. इंजिन हाताने फिरवायचं तर पुढच्या पुलीला मधला बोल्टच नाही, ती नुसती दाबून बसवलेली. शेवटी खालचं पत्र्याचं झाकण काढून इंजिनामागच्या चक्राच्या दात्यांना लांब पहार लावली आणि थोडं थोडं रेटत राहिलो. नवव्या दिवशी पूर्ण एक फेरी झाली. टाकीतल्या पेट्रोलचं वॉर्निश झालं होतं, म्हणून बाहेरच्या डब्यातून ताजं पेट्रोल दिलं. नवे प्लग, घासून साफ केलेले इग्निशनचे पॉइंट, नवी बॅटरी. चौथ्या प्रयत्नात इंजिन लागलं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन ८० होतं, बाकीच्यांचं ११० च्या आसपास. पाचशे मैल चालवल्यावर तेही वर आलं, बहुतेक पिस्टनची अडकलेली रिंग सुटली असावी. तेव्हापासून इंजिनाने एकदाही त्रास दिलेला नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हमधली फट, मात्र हातानेच सेट करावे लागतात, तेही इंजिन गरम आणि चालू असताना: इनटेक दहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट वीस थाऊ. पहिल्यांदा हात भाजले, आता अर्ध्या तासात होतं.

इंजिन लागलं त्या दिवशी वाटलं, झालं काम. ते खरं तर तेव्हा सुरू झालं. तीस वर्षांत लोखंडाला फारसं काही झालं नव्हतं, रबर मात्र सगळं मेलेलं. पेट्रोलच्या नळ्या बोटात चुरा होत होत्या. टायरची नक्षी पूर्ण होती, दिसायला उत्तम, पण बाजूवरचा तारखेचा आकडा तीनच अंकी. म्हणजे २००० च्या आधीचे. असे टायर कितीही नवे दिसले तरी त्यांवर गल्लीच्या टोकापर्यंतही जाऊ नये. हा १३ इंची आकार आता मोजकाच मिळतो, मला दोन आठवडे लागले.

चाकं काढताना उजवीकडची सहज सुटली, डावीकडची हलेनात. पान्याला लोखंडी नळी लावून जोर केला आणि दोन बोल्ट तुटले. रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं, तर ते म्हणाले, “अरे, डाव्या चाकांना उलटे आटे असतात. बोल्टच्या तोंडावर एल कोरलाय, तो पुसून बघ.” पुसलं तर होता. त्या काळात क्रायस्लर डाव्या बाजूला मुद्दाम उलटे आटे द्यायची. ही गाडी घेणाऱ्याने हे आधी लक्षात ठेवावं.

ब्रेकवर तीन आठवडे घालवले आणि माझ्या मते खर्चातला सर्वांत मोठा वाटा इथेच जावा. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. म्हणजे कुठल्याही एका चाकाकडे गळती झाली की चारही ब्रेक जातात. १९६७ पासून कंपनीने दोन कप्प्यांचा दिला. मी तोच बसवला, त्यासाठी पाइपही नवे टाकले. चाकांचे सिलिंडर आणि शू बदलले, पाइपांतली हवा काढली. एक चूक केली: मागच्या अॅक्सलकडे जाणारी रबरी नळी बाहेरून चांगली दिसली म्हणून ठेवली. मे महिन्यात दहा मैलांनंतर मागून जळका वास आला, दोन्ही ड्रमना हात लावता येईना. नळी आतून फुगली होती. पेडल दाबलं की तेल जोराने पुढे जायचं, सोडल्यावर परत येत नव्हतं. वीसेक डॉलरची नळी मी वाचवली आणि नवे शू घालवले.

जूनमध्ये मिशिगनमधल्याच चेल्सी गावच्या पेट्रोलपंपावर वेगळंच झालं. सेल्फ मारला की इंजिन लागे, किल्ली सोडली की लगेच बंद. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका. इंजिनामागच्या पत्र्यावर पांढऱ्या चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनचा करंट कमी ठेवणारा भाग) असतो, तो जळलेला असतो. सेल्फ मारताना करंट त्याला वळसा घालून थेट जातो, म्हणून तेवढा वेळ इंजिन चालतं. आता एक जादा नेहमी डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. वायरिंगमध्ये दुसरी धोक्याची जागा म्हणजे अॅमीटर, डॅशवरचा करंट दाखवणारा मीटर. चार्जिंगचा सगळा करंट त्याच्यातून आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्यावरच्या जोडातून जातो. माझा जोड उघडला तेव्हा प्लास्टिक तपकिरी झालेलं. जाड वायर टाकून मी करंट तो भाग टाळून जाईल असं करून घेतलं. हे काम न करता रात्री दिवे लावून लांब जाऊ नये.

चालवायला कशी आहे? ५५ मैलांपर्यंत अतिशय निवांत, सीट सोफ्यासारखी. ७० ला आवाज आणि वारा इतका की मी हायवे टाळतो. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगमध्ये खांदे दुखतात. ओल्या रस्त्यावर ब्रेक थोडे डावीकडे ओढतात, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. अॅव्हरेज १९ मैल गॅलनला, म्हणजे लिटरला आठेक किलोमीटर. ऑटोमॅटिक गिअरची बटणं मात्र मनापासून आवडली. स्टिअरिंगच्या डावीकडे डॅशवर बटणांची रांग, दाबलं की खट्ट. क्रायस्लरने ही बटणं १९६४ नंतर बंद केली, त्यामुळे माझी शेवटच्या वर्षाची.

नंबरप्लेट साधीच घेतली. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांची ऐतिहासिक प्लेट स्वस्त पडते, पण त्यावर गाडी प्रदर्शनं, मिरवणुका अशा कामांपुरती आणि ऑगस्ट महिन्यात चालवता येते. मला ती दर शनिवारी किराणा आणायला हवी होती. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, १९९५ पासून. तिथे हजारो चकचकीत गाड्या होत्या. माझ्या गाडीचा रंग उडालेला आहे, तरी माणसं येऊन थांबत होती. एका आजोबांनी दार उघडून नुसतं रिव्हर्सचं बटण दाबून पाहिलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

सुट्या भागांवर आणि पत्र्याच्या कामावर मिळून ४,६०० डॉलर गेले. इंजिनावर त्यातले ४०० सुद्धा नाहीत. हे इंजिन १९८० च्या दशकापर्यंत बनत होतं, त्यामुळे भाग मिळतात आणि परवडतात. पुढच्या उजव्या पायाखालची जमीन गंजली होती, ती नव्या पत्र्याने भरली. हीटर लावला की उंदरांचा वास अजून येतो. हीटरची पेटी उघडून साफ करणं हे या हिवाळ्याचं काम.

बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागायच्या आत गाडी आत घेतली आहे. टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरली, बॅटरी काढली, सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बांधली. मागच्या सीटला पट्टे नाहीत. बाबा मे महिन्यात येतायत, त्याआधी ते बसवायचेत.