गल्लीच्या तक्रारी व्हॉट्सॲपवर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जून 2024 च्या अखेरीस आमच्या भागातील सहा गल्ल्या आणि दोन सोसायट्या यांचे वेगवेगळे चाललेले व्हॉट्सॲप गट एका कम्युनिटीखाली आणले गेले, आणि तेव्हापासून मे 2025 पर्यंत परिसरातील तक्रारी मांडण्यासाठी मी ती रोज वापरत आले आहे. पहिले चार महिने साधी सदस्य म्हणून आणि पुढचे सात महिने ॲडमिन म्हणून, म्हणजे ओरडणाऱ्यांच्या आणि ओरड ऐकून घेणाऱ्यांच्या अशा दोन्ही बाजूंनी हा प्रकार मी पाहिला. शहराचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. राज्यातील बहुतेक महानगरपालिकांप्रमाणे त्या काळात आमच्याकडेही कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात जाऊन चेंबर तुंबल्याचे सांगता येत असे, तो आता माजी झाला होता, आणि त्याची रिकामी खुर्ची या गटाने भरून काढावी अशीच बहुतेकांची अपेक्षा होती.

रचनेबद्दल थोडे. कम्युनिटीची सोय व्हॉट्सॲपने नोव्हेंबर 2022 मध्ये आणली. तिच्यातील घोषणांच्या गटात फक्त ॲडमिन लिहितात आणि तेथे सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. गल्लीच्या गटात मात्र ते दिसतात, आणि ही गोष्ट आमच्याकडे अनेकांच्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या महिलांच्या, फार उशिरा लक्षात आली. एका गटात 1024 जण मावतात. माझे मत असे की दीडशेच्या पुढे गेलेला गट तक्रारीच्या कामाचा राहत नाही, कारण सुप्रभातची फुले आणि कोणाच्या तरी भाच्याच्या निकालाचे अभिनंदन यांच्याखाली तुंबलेले गटार सकाळी नऊपर्यंत पार गाडले गेलेले असते. म्हणून ऑगस्टमध्ये ‘फक्त तक्रारी’ असा वेगळा गट काढला आणि त्यात आलेल्या शुभेच्छा ॲडमिनने काढून टाकायच्या असे ठरले. या एका नियमापायी गल्लीतले दोन काका माझ्याशी आजही धड बोलत नाहीत.

गटाचे खरे मोल मला सप्टेंबरमधल्या गढूळ पाण्याने दाखवले. आमच्याकडे नळाला सकाळी दीड तास पाणी असते. त्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या गल्लीतून मातकट पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पातेल्याचा फोटो आला, पाठोपाठ बादलीचा आला, आणि अर्ध्या तासात 14 घरांनी आपापल्या नळाची हकीकत लिहिली. त्यांतल्या काहींनी ‘आमच्याकडे स्वच्छ आहे’ असे लिहिले होते आणि तेच संदेश अधिक उपयोगी ठरले. ही घरे कागदावर ओळीने मांडली, तेव्हा पिठाच्या गिरणीच्या अलीकडे सगळीकडे पाणी चांगले आणि पलीकडे सगळीकडे गढूळ, असे स्पष्ट दिसले. जेथे पाणी ठरावीक वेळच सोडले जाते तेथे उरलेला वेळ नळवाहिनी रिकामी किंवा बिनदाबाची असते, आणि तिला तडा असेल तर भोवतालच्या मातीतले, प्रसंगी शेजारून गेलेल्या ड्रेनेजचेही पाणी आत झिरपते. म्हणून पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वांत वाईट असतात. कनिष्ठ अभियंत्यांना ‘परिसरात दूषित पाणी येत आहे’ असे मोघम न सांगता गिरणीचा कोपरा दाखवता आला, आणि दुसऱ्या दिवशी तेथे खोदाई झाली. सोबतच्या कर्मचाऱ्याने आमच्या ओट्यावरच ओटी चाचणी केली, म्हणजे जंतू मारणारे क्लोरीन पाण्यात शिल्लक आहे का ते पाहिले. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळे होते. तोवर आमचे पाणी दिसायला अगदी निवळले होते, तरी ते पिवळे झाले नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 10500 प्रमाणे, लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. निवळ दिसणे आणि निर्धोक असणे यांतला फरक त्या दिवशी अर्ध्या गल्लीने त्या नळीत डोकावून पाहिला. एकट्याने केलेल्या तक्रारीतून हा नकाशा कधीच तयार झाला नसता.

याच्या उलट अनुभव जुलैचा आहे. पहिल्या मोठ्या पावसात कोणीतरी झाकण नसलेल्या चेंबरचा फोटो टाकला आणि खाली ‘सांभाळून जा’ एवढेच लिहिले. कोठे, ते लिहिले नव्हते. दोन गल्ल्यांनी तो आपलाच चेंबर असल्याचे सांगितले, एकाने हा फोटो गेल्या वर्षीचा असल्याची शंका काढली, आणि हा वाद दुपारपर्यंत चालला. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा चेंबरच्या मागे देवळाच्या ओट्याची निळी फरशी दिसली; पण तोवर पेपर टाकणाऱ्या मुलाच्या सायकलचे पुढचे चाक त्यात जाऊन त्याचा गुडघा फुटला होता. नंतर शेजारच्या किराणा दुकानदाराने त्यात झाडाची फांदी खोचून तिला लाल फडके बांधले. आमच्या सर्व संदेशांपेक्षा ते फडके अधिक कामाचे होते, हे मान्य केले पाहिजे.

त्यानंतर आम्ही साचा ठरवला: एक फोटो जवळून, एक लांबून, जवळची खूण, आणि शक्य असेल तर पथदिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून तो कोठे काढला ही माहिती निघून जाते, त्यामुळे ठिकाण वेगळे पाठवावे लागते. हे चार चार वेळा सांगावे लागले, पण दिवाळीपर्यंत लोकांच्या अंगवळणी पडले.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच निघाली, आणि ती यंत्राची नव्हे, आमची होती. संदेश टाकला म्हणजे तक्रार झाली असे प्रत्येकाला वाटते. बंद पथदिव्याच्या फोटोखाली पंधरा जण अंगठा दाखवतात, तिघे ‘कधी सुधारणार हे लोक’ म्हणतात, आणि या पंधरा-अठरा जणांपैकी एकानेही महापालिकेच्या तक्रार प्रणालीत नोंद केलेली नसते, कारण एवढ्या जणांत कोणीतरी केलीच असेल असा प्रत्येकाचा समज असतो. चौथ्या गल्लीतील दिवा असा नऊ दिवस बंद राहिला. मी चौकशी केली तेव्हा विद्युत विभागाच्या नोंदवहीत त्या खांबाची तक्रारच नव्हती. रागाला वाट मिळाली की पाय कार्यालयाकडे वळत नाहीत, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिले आहे.

उपाय जुनाच निघाला, तो म्हणजे दोनशे पानी वही. नोव्हेंबरपासून गटातील प्रत्येक तक्रारीची तारीख, ठिकाण, ती अधिकृतपणे कोणी नोंदवली आणि मिळालेला टोकन क्रमांक मी वहीत लिहिते, आणि टोकन क्रमांक गटात मूळ संदेशालाच उत्तर म्हणून टाकते. ज्या तक्रारीला टोकन नाही ती तक्रार नाही, असे मी जरा कडक शब्दांत लिहिले होते; ते काहींना झोंबले, पण टोकन येऊ लागले. विजेचे काम महापालिकेकडे नेण्याची चूकही यामुळे कमी झाली. रस्त्यावरचा दिवा एकाचा आणि घरातली वीज दुसऱ्याची, हे आता लोकांना कळते, आणि डीपीतून ठिणग्या उडाल्या की गटावर व्हिडिओ टाकण्याआधी वीज तक्रारींचा 1912 हा क्रमांक लावला जातो.

वहीचा दुसरा उपयोग फेब्रुवारीत झाला. ड्रेनेजच्या एका तक्रारीवर ‘निराकरण झाले’ असा शेरा येऊन ती बंद झाली आणि पुराव्यादाखल जोडलेल्या फोटोत भलताच चेंबर होता. आमच्या चेंबरचे झाकण लोखंडी, फोटोतले सिमेंटचे. गटात अर्थातच हशा पिकला. आम्ही मात्र अशा बंद केलेल्या तक्रारींचे टोकन क्रमांक एकत्र करून माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. हातात वही असल्यामुळे तो सहज पाळता आला. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले. ते समाधानकारक नव्हते, पण त्यानंतर जोडलेले फोटो त्याच जागेचे येऊ लागले आहेत.

भांडणांबद्दल फार लिहीत नाही. भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की गटाचे दोन तट पडतात. 2023 च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण केलेले कुत्रे त्याच्या मूळ जागीच परत सोडावे लागते, हे मी सात-आठ वेळा लिहिले असेल. प्रत्येक वेळी ते नवी बातमी असल्यासारखे वाचले गेले. एकदा कोपऱ्यावर कचऱ्याची पिशवी ठेवणाऱ्या बाईंचा चेहरा दिसेल असा फोटो कोणीतरी टाकला. त्या कचरा टाकत नव्हत्या, घंटागाडीची वाट पाहत उभ्या होत्या. फोटो काढून टाकला, माफी मागितली, तरी त्या गटातून गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक आम्ही चालू देत नाही.

नाल्यापलीकडची वस्ती या कम्युनिटीत जवळजवळ नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते. तेथील चार-पाच जणांना घेतले होते, पण लांबलचक लेखी संदेशांच्या गर्दीत ते गप्प झाले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एके दिवशी म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या ग्रुपवर आमचं बी टाका की, संडासापाशी लाईट न्हाई महिना झाला.” मी त्यांना त्यांच्याच फोनवरून आवाजी संदेश पाठवायला सांगितले. त्यांनी नेमकी जागा, खांब आणि किती दिवस हे सगळे वीस सेकंदांत सांगितले. इतकी नीट तक्रार आमच्या सोसायटीतून क्वचितच येते. आता वस्तीतल्या तिघीजणी आवाजी संदेश पाठवतात आणि मी ते ऐकून वहीत उतरवते. मी गावाला गेले की ते काम थांबते, ही उणीव अजून भरलेली नाही.

सध्या मे महिना संपत आला आहे आणि नाल्याच्या मोरीतला गाळ निघालेला नाही. त्याचा संदेश टोकन क्रमांकासह गटात वर पिन केला आहे. असा पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो आणि मग आपोआप सुटतो. मार्चमध्ये लावलेला एप्रिलमध्ये सुटला, एप्रिलमधला मेमध्ये, आणि काल रात्री मी तो तिसऱ्यांदा लावला.