पाच संध्याकाळी, पाच काळे ग्लास

आषाढ लागला तेव्हा मी आणि माझा मेहुणा अशा दोघांनी मिळून एक काम अंगावर घेतले. मुंबईतील पाच ठिकाणी जायचे, तेथे स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर, तेवढीच प्यायची आणि प्रत्येक ग्लासाला दहापैकी गुण द्यायचे. मुदत गटारी अमावास्येची होती, कारण मेहुणा श्रावण कडकडीत पाळतो, त्यापाठोपाठ गणपती येतात, मग पितृपक्ष, आणि एवढ्या खोळंब्यात पहिल्या ग्लासाची चव शेवटच्या ग्लासापर्यंत लक्षात राहिली नसती. ठिकाणांची नावे मी मुद्दाम देत नाही. स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबांमध्ये नळावरची बिअर बदलत राहते, शिवाय स्टाउटचा ग्लास बनवणाऱ्याइतकाच ओतणाऱ्याच्या हाती असतो, आणि तो ओतणारा त्या दिवशी रजेवर असेल तर नाव वाचून गेलेल्या माणसाला वेगळाच ग्लास मिळेल.

मेहुण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण गुणपत्रिकेवर त्याचीही सही आहे. तो डोंबिवलीला राहतो, गेली वीस वर्षे साडेसहाशे मिलिलिटरची स्ट्राँग बिअरची बाटली पितो आणि बिअर जितकी काळी तितकी कडक असे मनापासून मानतो. वास्तविक रंगाचा आणि अल्कोहोलचा काहीही संबंध नाही. मोड न आणलेले जव कॉफीच्या बियांप्रमाणे जवळजवळ काळे होईपर्यंत भाजतात, आणि एकूण धान्यात त्यांचा वाटा साधारण दहावा असला तरी सगळा काळेपणा तेवढ्यातूनच येतो. बाकीचे बहुतेक धान्य म्हणजे नेहमीचे फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. डब्लिनच्या गिनेस या कंपनीच्या नळावरील स्टाउटमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असते, तर मेहुण्याच्या बाटलीत आठ टक्क्यांच्या जवळपास. हा हिशेब ऐकून तो पहिल्याच संध्याकाळी हिरमुसला. "भावोजी, मग एवढ्या लांब आलो कशाला?" असे त्याने विचारले आणि मेनूत आणखी काही आहे का ते पाहू लागला.

ती पहिली संध्याकाळ लोअर परळची होती. एका जुन्या गिरणीच्या आवारात, जेथे आता एका रांगेत दहाबारा हॉटेले आहेत, तेथील पब स्वतःच्या टाक्यांत बिअर बनवतो आणि त्या तांब्याच्या टाक्या काचेपलीकडे दिसतात. माझे आजोबा परळच्याच एका गिरणीत साचेखात्यात होते, त्यामुळे अशा आवारात शिरताना मला दरवेळी थोडे अवघडल्यासारखे होते. त्यातच या बिअरचे मूळ आठवते. अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय होती, आणि ते नाव तिला तेथील हमालांवरून पडले. तिचाच अधिक दमदार प्रकार म्हणजे स्टाउट पोर्टर, पुढे नुसती स्टाउट. थोडक्यात ही माथाडींची बिअर, आणि ती मी गिरणीच्या आवारात ४५० रुपये मोजून पीत होतो.

ग्लास आला तो फ्रीजरमधून काढलेला, पांढरा पडलेला. अशा ग्लासाचे मुंबईकरांना कौतुक आहे आणि आपल्या उकाड्यात ते समजण्यासारखे आहे, पण स्टाउटसाठी त्याहून वाईट भांडे नाही. पत्नीने चॉकलेट वितळवण्यासाठी घेतलेला सळईसारखा थर्मामीटर मी खिशात ठेवला होता, तो बुडवला तर २ अंश निघाले. या तापमानाला जीभ बधिर होते, वास ग्लासातच अडकून राहतो आणि भाजलेल्या धान्याच्या सगळ्या छटांपैकी फक्त करपटपणा तोंडात उरतो. शिवाय काचेवरच्या बर्फाने फेस भरड होतो, आणि तो बर्फ वितळून वरचा घोट पाणचट लागतो. मेहुण्याने एक घोट घेऊन "राख कालवल्यासारखी लागते" असा निकाल दिला, आणि तो चुकीचा नव्हता. आम्ही ग्लास तसेच ठेवून शेंगदाणा मसाला संपवला. वीस मिनिटांनी थर्मामीटर ९ अंशांवर आला, तेव्हा त्याच ग्लासातून थालीपिठाची भाजणी कढईत परतताना जो वास घरभर सुटतो तसा वास येऊ लागला, त्यामागून काळ्या कॉफीचा कडवटपणा आणि अगदी शेवटी जिभेच्या कडेला किंचित आंबटपणा. बिअर चांगली होती, फार चांगली होती. तिला थंडीने मारले होते. तोवर फेस मात्र पार बसून गेला होता. गुण ६. येथे जाणाऱ्याने साधा, न गारवलेला ग्लास मागावा. दुसऱ्या खेपेस आम्ही तो मागितला तेव्हा वेटरने दोनदा खात्री करून घेतली, पण आणून दिला.

कुलाब्याच्या दुसऱ्या ठिकाणी नळाची स्टाउट नव्हती, आयात केलेल्या गिनेसचा डबा होता. डब्यातली बिअर म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण या डब्यात एक हुशारी आहे. या प्रकारच्या स्टाउटमध्ये कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन वापरतात, तो द्रवात फारसा विरघळत नाही, आणि त्यामुळे त्याचे बुडबुडे अतिशय बारीक होऊन फेस सायीसारखा येतो. नळाच्या गिनेससाठी ही पद्धत १९५९ मध्ये आली. तीच घरी मिळावी म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस डब्यात प्लॅस्टिकचे एक लहान उपकरण घालू लागले. आजच्या डब्यात ते चेंडूच्या आकाराचे असते आणि रिकामा डबा हलवला की आत खुळखुळते. त्या चेंडूला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. डबा उघडताच आतला दाब एकदम उतरतो, चेंडूतला नायट्रोजन त्या छिद्रातून जोराने बाहेर पडतो आणि सगळ्या बिअरमध्ये बुडबुडे उठवतो. हे एकदाच घडते, म्हणून डबा उघडल्यावर तो तिरप्या ग्लासात एका दमात पूर्ण रिकामा करायचा असतो.

आमच्या वेटरने डबा उघडला, अर्धी बिअर दांड्याच्या मगमध्ये ओतली, उरलेला डबा अदबीने टिश्यूवर ठेवला आणि तो दुसऱ्या टेबलाकडे निघून गेला. बोलणार काय? माणूस सौजन्याने वागत होता, बाटलीच्या बिअरचा शिरस्ता त्याने डब्याला लावला इतकेच. पहिला अर्धा मग ठीक होता. दुसरा अर्धा भाग थंडगार कोऱ्या कॉफीसारखा, निर्जीव. आपल्या राज्यात मद्यपानाचा कायदा १९४९ चा आहे, पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि म्हणून आपल्या बारांच्या पाट्यांवर आजही परमिट रूम असे लिहिलेले असते. त्या परवान्याइतके नाही, पण डबा कसा ओतावा याचे चार शब्दांचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायला हरकत नसावी. गुण ५, तेही डब्याच्या भिडेखातर. दुसरा डबा आम्ही मागून घेतला आणि मीच ओतला, पण तो स्पर्धेबाहेरचा.

अंधेरी पश्चिमेच्या पबात कॉफी स्टाउट होती. तिच्यात कॉफी इतकी होती की बिअर शोधावी लागत होती, त्यामुळे चवीविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते मापाविषयी. मेनूत "पाइंट" असे छापलेले होते आणि किंमत ४९५ रुपये. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकन ४७३ चा, आणि आपल्याकडे कोणत्याही वाइन शॉपमध्ये पाइंट मागितला की ३३० ची छोटी बाटली मिळते. यांपैकी आपला पाइंट कोणता, असे मी विचारले. "पाइंट म्हणजे पाइंट, सर," असे उत्तर आले. ग्लासाच्या बुडाशी बारीक अक्षरांत ४०० मिलि कोरलेले मेहुण्याने शोधून काढले, आणि त्यातही वरचे दोन बोटे फेस. बिलात व्हॅट वेगळा, जो २०२३ च्या नोव्हेंबरपासून बारमध्ये पाच टक्क्यांचा दहा टक्के झाला आहे. गुण ४.

वांद्र्याच्या ग्लासाला गुणच दिले नाहीत. फेस आला आणि डोळ्यांदेखत विरला, आणि नाकाजवळ नेताच लिंबाच्या भांडी धुण्याच्या साबणाचा वास आला. ग्लासात साबणाचा वा तेलाचा अंश राहिला की बिअरचा फेस टिकत नाही. ग्लास बदलून दिला, तोही तसाच. आम्ही उठलो.

पाचवे ठिकाण खारला, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर, दहा टेबलांचे. तेथे जाण्याआधी मेहुण्याने जाहीर केले होते की आता फक्त शब्दाखातर येतो. काउंटरवर स्टाउटचा नळ बाकीच्या नळांहून वेगळा होता, तोंड बारीक आणि लांब. त्याच्या आत बारीक छिद्रांची चकती असते आणि तिच्यातून बिअर दाबाखाली जाते तेव्हाच नायट्रोजन मोकळा होतो. बारमनने खोलीच्या तापमानाचा कोरडा ग्लास घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, पंचेचाळीस अंशांत तिरपा केला, पाऊण भरला आणि मग काउंटरवर ठेवून चक्क दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बिल करायला गेला. "विसरला वाटतं," मेहुणा म्हणाला. तो विसरला नव्हता. ग्लासात सगळे पिठूळ तपकिरी ढवळत होते, दूध ओतल्याबरोबरच्या चहासारखे, आणि हळूहळू खालून काळा रंग वर चढत होता. जवळ जाऊन पाहिले तर काचेलगतचे बुडबुडे वर न जाता खाली चालले होते. हा दृष्टिभ्रम नाही. लिमरिक विद्यापीठातील गणितज्ञांनी याचे कारण ग्लासाच्या आकारात दाखवले आहे. ग्लास वर रुंद असल्याने सरळ वर जाणारे बुडबुडे काचेपासून दूर होतात, काचेजवळचा द्रव त्यामुळे मधल्या द्रवापेक्षा जड होऊन खाली सरकतो, आणि तेथले बारीक बुडबुडे त्याच्याबरोबर ओढले जातात. मेहुणा वाकून, नाक काचेला लावून, हे सगळे पाहत होता. गिनेस या सोहळ्यासाठी ११९.५ सेकंद सांगते. आमच्या बारमनने घड्याळ पाहिले नाही, पण परत येऊन उरलेला ग्लास भरला तेव्हा फेस कडेच्या किंचित वर उभा राहिला आणि सांडला नाही.

थर्मामीटर ७ अंश. पहिल्या घोटाला फेसच लागला, गोडसर, घट्ट. मग त्याखालची बिअर, अपेक्षेपेक्षा पातळ आणि कोरडी, भाजलेल्या खोबऱ्याच्या वासाची, आणि गिळल्यावर मागे राहणारा तो नाचणीच्या भाकरीच्या करपल्या कडेचा कडूपणा, जो खोटा गोडवा नसल्याने दुसरा घोट घ्यायला लावतो. सोबत रव्यातले बोंबील मागवले होते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये स्टाउटबरोबर कालवे खात, तेव्हा ती गरिबांना परवडत. खारला कालवे नव्हती, पण आतून लुसलुशीत आणि बाहेरून कुरकुरीत अशा बोंबलाने तीच कामगिरी केली. खारटपणाने कडूपणा मवाळ होत होता आणि कडूपणाने तेल कापले जात होते. ग्लास उतरत गेला तशी प्रत्येक घोटागणिक काचेवर फेसाची एक रेघ मागे राहिली, ओहोटीने वाळूत सोडाव्यात तशी. मी मोजल्या, नऊ होत्या.

मी ८.५ दिले. दीड गुण कापला त्यातला एक मापासाठी, कारण येथेही ग्लास ४०० चाच होता, आणि अर्धा संगीताच्या आवाजासाठी. मेहुण्याने कागद ओढून घेतला, ८.५ खोडून ९ केले आणि सही ठोकली. मग घड्याळ पाहिले, शेवटची कल्याण लोकल दादरहून पकडायला किती वेळ हाताशी आहे याचा मनाशी हिशेब केला आणि बारमनला हात करून म्हणाला, "अजून एक. तुमचा वेळ घेऊन भरा."