काचबिंदू 'मुळापासून बरा' करणाऱ्यांनी 18,500 ला गंडवलं, वर अण्णांची नजर घालवली

नोंदणी 500, 'नेत्रशुद्धी' 3,000, थेंबांच्या चार बाटल्या 9,000, 'नसा मोकळ्या करणारा' काढा 6,000. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये शिबिर होतं. असली शिबिरं कशी चालतात ते तुम्हाला माहीतच आहे.

अण्णांना काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्यातलं प्रेशर वाढून डोळ्याची नस मरत जाते तो आजार. मोतीबिंदू नव्हे, की ऑपरेशन केलं आणि सुटलो. रोज रात्री थेंब, तेही जन्मभर, वर डोळे लाल. माणूस कंटाळणारच. शिबिरातला भामटा म्हणाला, "काका, दवाखान्याचे थेंब आधी बंद करा, त्याशिवाय आमचं औषध लागू पडत नाही." (थेंब बंद करायला सांगणाऱ्यासमोरून तिथल्या तिथं उठा.)

पुढच्या खेपेला त्यानं अण्णांची पापणी बोटानं दाबली आणि जाहीर केलं, "सोळा! अठ्ठावीसवरनं सोळा!" बोटानं? डोळ्याच्या प्रेशरचा आकडा टोनोमीटर यंत्राशिवाय कळत नाही, दवाखान्यात दरवेळी बघतोय की आम्ही. तो आकडा अजून माझ्या कानात वाजतोय. पण मी तोंड उघडायच्या आत त्यानं भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, आणि अण्णांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. हॉलभर टाळ्या! सांगा, कोण संशय घेईल? काचबिंदूत आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं बरंच उशिरापर्यंत टिकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग एक दिवस रस्त्यावर डावीकडून आलेली मोटरसायकल अण्णांना दिसलीच नाही. खरचटण्यावर निभावलं. डॉक्टरांकडं प्रेशर निघालं 34, आणि फिल्ड टेस्टच्या (कडेपर्यंत किती दिसतं ते बघतात ती) कागदावर डावी बाजू काळीकुट्ट. नस मेली ती मेली. आता थेंबांनी उरलेलं तेवढं राखायचं.

पोलिस म्हणाले, "स्वखुशीनं दिलेत ना पैसे?" पावतीवर 'ऐच्छिक देणगी' छापलेलं! पावती तिथंच वाचून घ्या. दुसऱ्या कचेरीत म्हणे सीलबंद बाटली आणा. अहो साहेब, वापरलेली बाटली सीलबंद कुठनं आणू? 1954 च्या औषधं आणि जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात काचबिंदू नावानिशी आहे, तो बरा करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा. छापील प्रत टेबलावर ठेवली. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. घरात एकाला काचबिंदू असेल तर भावंडांनीही तपासून घ्या. त्यांचं शिबिर आता गडहिंग्लजला लागलंय म्हणे. तिकडं कुणी पाहुणे असतील तर आजच फोन करा.